लवू भोंगेवाल्याचे कान

काळाचौकीत लाउडस्पीकर लावायचा म्हटलं की दोनच नावं निघायची. एक लालबागचा शिवा, दुसरा इथला लवू. शिवाचा थाट मोठा. चार भोंगे, रंगवलेली हातगाडी, मशीनवर मखमलीचं झाकण. लवूकडे एक मशीन, एक माईक, दोन भोंगे आणि दोन कान. त्यातले कान तेवढे बिघडलेले होते, आणि ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. एक लवूला आणि दुसरी त्याच्या बायकोला, जाईबाईला.

लवू मूळचा मालवणकडचा. गिरणीत सोळा वर्षं साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर काढलेली. साचेखात्यात शेजारच्याने कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी मेला काय म्हणतोय ते कळायचं नाही. तिथे सगळा कारभार ओठ वाचून आणि हातवारे करून. चहाला चल, मुकादम आला, तुझा धागा तुटला, सगळं हातांनी. सोळा वर्षांत खात्यातल्या निम्म्या माणसांचे कान गेले होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण लवूची गोष्ट वेगळी. एका गणपतीत भाड्याने आणलेलं मशीन ऐन आरतीला बंद पडलं, लवूने ते उघडून चालू केलं, आणि हात लावला तो लावलाच. पहिली पाळी संपली की हा गडी आंघोळ करून वायरी घेऊन बसायचा. दारूचं नाव नाही, पत्त्यांचं नाव नाही. जिवाला एवढं एकच वेड. आता आंधळ्याकडून कुणी घर रंगवून घेतं का? मग बहिऱ्याला लाउडस्पीकर कोण सांगणार? बातमी फुटली की ही कामं शिवाकडे जाणार, आणि लवूला संध्याकाळी करायला राहणार काय, तर खाटेवर बसून छताकडे बघणं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायचं काम जाईबाईकडे. तीही गिरणीतच, पण वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या कमी गोंगाटाच्या खात्यात, त्यामुळे तिचे कान शाबूत आणि हातवाऱ्यांची भाषा अवगत. सभा असो, लग्न असो, ती जाऊन गर्दीच्या पार मागे भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पदर डोक्यावर असला की आवाज बरा आहे. पदर खांद्यावर उतरला की वाढवा. कमरेला खोचला की कमी करा. आणि कानावर हात गेला की भोंगा शिट्टी मारतोय, माईक मागे घ्या. ही शिट्टी तर लवूला मुळीच ऐकू यायची नाही. अख्खी चाळ कानात बोटं घालून बसलेली आणि हा मशीनजवळ समाधानाने विडी ओढतोय, असा प्रकार.

व्यवस्था चोख होती, पण एकदा तिनेच दगा दिला. छप्पन सालच्या एका सभेत जाईबाईचं शेजारच्या सुंदराबाईशी उभं राहायच्या जागेवरून वाजलं. आता भांडायचं म्हटल्यावर पदर कमरेला खोचला जायचाच, त्याशिवाय भांडणाला जोर येतो कुठला? लवूने बघितलं आणि आवाज कमी केला. तिकडे भांडण चढत गेलं, जाईबाईने पदर आणखी आवळला, लवूने आणखी कमी केला. शेवटी वक्ता हातवारे करतोय आणि मैदानात सुंदराबाईच्या माहेरचा उद्धार तेवढा ऐकू येतोय. संयुक्त महाराष्ट्र समितीचा आमच्या भागातला कार्यकर्ता कुशाबा धावत मशीनपाशी आला. लवू त्याच्या ओठांकडे बघून शांतपणे म्हणाला, "व्हॉल्व तापलाय, जरा थंड होऊ दे." कुशाबाला व्हॉल्व म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून निभावलं.

उलट या कुशाबाच्या मनात लवूविषयी आदर वाढत चालला होता. तो वाढायला कारण झालं चोरबाजार. लवूचा एक जुना भोंगा पत्रा फाटून निकामी झाला, तेव्हा दुसरा निवडायला दोघे मिळून गेले. दुकानदाराने तीन भोंगे मांडले आणि एका मागून एक रेकॉर्ड लावून दाखवली. कुशाबा मान डोलावत होता, त्याला तिन्ही सारखेच. लवूने डोळे मिटले आणि भोंग्याच्या मागच्या युनिटवर, आवाज निघतो त्या डब्यावर, तळहात ठेवला. साचा बिघडला की विणकराला ते कानाने नाही, हाताने कळतं. चौकटीवर हात ठेवला की कुठे घासतंय, कुठे ढिलं झालंय, सगळं समजतं. तसंच लवूने पहिल्या भोंग्यावरून हात उचलला आणि म्हणाला, "आत घासतंय." दुसऱ्यावरून उचलला. "हा आत्ता बरा आहे, तापला की फाटेल." तिसऱ्यावर बराच वेळ ठेवला, मग घरचा जुना भोंगा ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा आहे ना हे उलटून बघितलं. "हा द्या. जोडी एका दावणीची पाहिजे. एक ओरडणारा आणि एक कुजबुजणारा, असले भोंगे संसारात चालतात, सभेत नाही."

दुकानदाराने पहिला भोंगा खोलून बघितला, तर आतला पडदा खरंच कडेला घासत होता. "उस्ताद, ये तो मेरे को भी सुनाई नहीं दिया," तो म्हणाला. लवू म्हणाला, "मेरे को भी नहीं." दुकानदार खो खो हसला. कुशाबाही हसला. जन्मात एकदा लवू खरं बोलला होता आणि कुणी विश्वास ठेवला नाही.

त्या दिवसापासून कुशाबा जाईल तिथे सांगत सुटला की आमच्या लवूचा कान म्हणजे काय कान आहे. झालं. दादरहून बोलावणं यायला लागलं, माहीमहून यायला लागलं. लवूच्या तोंडचं पाणी पळालं. नाव झालं म्हणजे आनंद व्हायचा, पण याला वाटायचं, जितकी माणसं कानाकडे बघणार तितकी उघडं पडायची भीती.

आता गंमत अशी की लवूचं काम खरंच शिवापेक्षा सरस होतं, आणि ते त्याच्या कानांमुळेच. शिवाचे चार भोंगे चार दिशांना, एकमेकांवर भुंकणारे. चाळीच्या भिंतींवर आवाज आपटून परत यायचा आणि मधल्या माणसाला एक शब्द चार वेळा ऐकू येऊन एकदाही कळायचा नाही. आवाज दणदणीत, पण बोलणारा नवऱ्या मुलीला आशीर्वाद देतोय की कुणाला शिव्या, याचा पत्ता नाही. साचेखात्यात सोळा वर्षं लोक लवूच्या कानाशी ओरडत आले होते, म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं की ओरडल्याने काही कळत नाही. शब्द सुटा पाहिजे. म्हणून तो दोन्ही भोंगे व्यासपीठाच्या दोन बाजूंना, एकाच दिशेला, तोंड किंचित खाली लोकांच्या डोक्यांकडे करून बांधायचा. माईक भोंग्यांच्या मागे. दोन्हीकडच्या वायरींना लाल दोरा बांधून ठेवलेला, लालला लाल जोडायचा म्हणजे दोन्ही भोंगे एका दमात बोलतात. जोडणी उलटी झाली तर मधोमध बसलेल्यांना आवाज पोकळ लागतो. मशीनचं बटण अर्ध्याच्या पुढे न्यायचं नाही. लोक म्हणायचे, लवूचा आवाज लहान, पण म्हाताऱ्यालाही समजतो.

अशी चार वर्षं गेली. सभा झाल्या, मोर्चे निघाले, गोळीबारात गेलेल्यांसाठी माणसं मैदानात उभी राहिली. तेव्हा माईक बंद ठेवून लवूही टोपी काढून उभा राहिला. आणि मग साठ सालचा एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला. संध्याकाळी काळाचौकीच्या मैदानात सभा ठरली आणि लाउडस्पीकर अर्थातच लवूचा.

दुपारी भोंगे बांधून झाल्यावर जाईबाईने बॉम्ब टाकला. नवी साडी नेसून ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आज मी फुडे बसतलंय. चार वर्सा भिंतीक पाठ लावन उभी रवलंय. आज माका भाषण ऐकूचा आसा."

लवूने ओठ नीट वाचले होते, तरी वाटलं, चुकून वाचले. "आणि मशीन?"

"मशीन तुमचा, तुम्ही बघा," म्हणून ती बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसली. लवूला तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला तोंड कुठे होतं? चार वर्षं महाराष्ट्राच्या लढ्यातली एकूण एक सभा तिने ऐकली होती, ती फक्त आवाज लहान की मोठा एवढ्यापुरती. वक्ता काय बोलला याकडे लक्ष द्यायची तिला सवड कधी मिळाली होती?

मैदान गच्च भरलं. शिवासुद्धा येऊन मशीनपासून चार हातांवर बसला. अडचणीच्या वेळी माणूस काहीतरी खूण शोधतोच. लवूने लोकांच्या माना पकडल्या. माना वक्त्याकडे, तर सगळं ठीक. माना मशीनकडे वळल्या, तर काहीतरी बिघडलं. बटणावर बोट ठेवून तो दीड तास डोळ्यांची पापणी न लववता माना बघत बसला. एक वक्ता झाला, दोन झाले, पोवाडा झाला. माना जागच्या जागी. लवूला घाम फुटला होता तो हळूहळू वाळायला लागला.

शेवटी आभार मानायला कुशाबा उठला. त्याने बऱ्याच जणांची नावं घेतली. आणि मग एकाएकी मैदानातली झाडून सगळी माणसं मान वळवून लवूकडे बघायला लागली.

गेला आवाज. आज, या दिवशी, शिवाच्या समोर. त्याने बटण अर्ध्यावरून थेट शेवटाला नेलं. दोन्ही भोंग्यांनी अशी काही शिट्टी मारली की काळाचौकीतली कुत्री पळाली. लोकांचे हात कानावर गेले, लोक हसायला लागले, आणखी जोरात लवूकडे बोटं दाखवायला लागले. लवू मशीनमागे वाकून वायरी चाचपत होता. लाल लालला होता. सगळं जागच्या जागी होतं. शिवा उठला, पुढे झाला आणि त्याने बटण खाली आणलं. मग लवूच्या पाठीशी तोंड नेऊन त्याने हाक मारली. पुन्हा मारली. लवू वळला नाही. शिवा सरळ झाला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, ह्याला तर ऐकूच येत नाही."

हसणं थांबलं. तेवढ्यात जाईबाई रांगेतून वाट काढत आली आणि तिने लवूला हाताला धरून उभं केलं.

"काय बिघडला?" लवूने घाबरून विचारलं.

"काय बिघडाक नाय. कुशाबान तुमचा नाव घेतल्यान. म्हणालो, चार वर्सा आमचो आवाज ह्या माणसान तुमच्यापर्यंत पोचवल्यान, त्याका उभो करा."

लवूने शिवाकडे बघितलं, लोकांच्या तोंडांकडे बघितलं, आणि समजला. मूठ उघडली होती. इतकी वर्षं झाकलेली, आणि ती उघडावी नेमकी सत्काराला. त्याने मान खाली घातली.

पुढच्याच रांगेत शेजारच्या चाळीतले शामराव बसले होते. आठवड्यावर बुद्धजयंती आलेली, तिच्या तयारीचे ते प्रमुख. ते सावकाश उठले आणि लवूच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असे उभे राहिले. "लवूभाऊ, बुद्धजयंतीला तुमचेच भोंगे पाहिजेत," ते म्हणाले. मग शिवाकडे वळले. "तुझे कान चांगले आहेत रे बाबा. पण तुझ्या चार भोंग्यांतलं आम्हाला काही ऐकू येत नाही. ह्यांचं उलट आहे. त्यांना नाही येत, आम्हाला येतं. आम्हाला तेच परवडतं."

अख्खं मैदान हसलं, शिवाही हसला. मग टाळ्या पडल्या, आणि बराच वेळ पडत राहिल्या. लवूला हात हलताना दिसत होते. त्याने नमस्कार केला, खाली बसला, आणि डोळे पुसायचे म्हणून टोपीनेच नाक पुसलं.

माणसं पांगल्यावर दोघं वायर गुंडाळायला लागली. अजून उजेड होता. गुंडाळता गुंडाळता लवूने विचारलं, "कुशाबा काय म्हणालो, म्हणालंस?"

जाईबाईने पुन्हा सांगितलं. त्याने दोन वेढे घातले आणि परत विचारलं. तिने तेव्हाही सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागली. "आत्ताच सांगितलंय मा. ओठ दिसले नाय तुमका?"

दिसले होते. तिन्ही वेळा लख्ख दिसले होते. पण लवूने वायर खाली ठेवली, कानामागे हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने, कुणी ऐकलं तर ऐकू दे अशा आवाजात म्हणाला, "माका ऐकाक येणा नाय गो. परत सांग."