लाली थांबली ती जागा

आंबी गावात आमच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. माती वर ओढायच्या यारीच्या लोखंडी आकड्याला टोपलं अडकवून नवरा त्यातून खाली उतरायचा. आकडा करकरायचा, म्हणून मी तो गावाबाहेर उतरलेल्या घिसाडणीकडे नेला. नवरा कुरकुरत मागून आला.

तिनं आकड्याचं टोक निखाऱ्यात धरलं आणि पापणी न हलवता बघत बसली. तापल्या लोखंडाची लाली वर चढली आणि वाकणापाशी एका रेषेवर थांबली.

"हितं आत भेग हाय."

"मला तर न्हाई दिसत," नवरा म्हणाला.

तिनं घण घातला. आकड्याचे दोन तुकडे झाले.

"आता दिसली का, भाऊ?"

तिनंच नवा आकडा घडवला. दुसऱ्या दिवशी नवरा त्यावर उतरला. तिचं बिऱ्हाड गाढवांवर लादून झालं होतं. तरी तो वर येईपर्यंत ती माझ्याजवळून, विहिरीच्या काठावरून हलली नाही. भीती तिलाही होती.