घाटातला पेला

ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येत असताना तुम्ही कधी मोटारीत गप्प बसून राहिला आहात का? मी राहिलो आहे.

साक्रीचा बाजार करून आम्ही घाटावरच्या गावांकडे निघालो होतो. घाट सुरू होतो तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. मोटार तिथे थांबते, नारळ फुटतो, मोहाची थोडी दारू दगडावर ओततात आणि पुढचा पेला ड्रायव्हरला देतात. त्याने तो घेतला की वाट सुखरूप पार पडते, असा समज. एका पेल्याने कदाचित काही झाले नसते. पण त्या दिवशी मोटारीत तीन गावांची माणसे होती आणि प्रत्येक गावाने आपली बाटली वेगळी आणली होती. मान कोणाचा मोडायचा?

मी ड्रायव्हरच्या मागेच बसलो होतो. तिसरा पेला मागून हातोहात माझ्यापर्यंत आला. माझ्या पिशवीत दारूबंदीची पत्रके होती, सकाळीच बाजारात वाटून उरलेली. तरी मी पेला पुढे केला.

चौथ्या वळणावर समोरून बैलगाडी आली. ड्रायव्हरने चाक फिरवले ते उशिरा आणि भलत्याच बाजूला. धडकेने बैलगाडी कलंडली आणि गाडीवानाचा पाय जुवाखाली सापडला. त्याचे ओरडणे थांबेना. पोलीस आले, ड्रायव्हरचे तोंड हुंगले, पंचनामा झाला. साक्षीदारांत माझे नाव लागले.

धुळ्याच्या कोर्टात तारीख होती, त्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर माझ्या दारात आला. मोटारीच्या मालकाने सगळ्यांना निरोप दिला होता, बैल बुजला असे सांगा. बाकीचे तयार होते. मी नकार दिला.

"खरं सांगशात तर मनं लायसन जाई, भाऊ," तो म्हणाला. "घरमा चार तोंडं शेतस."

"नाना, त्या गाडीवानाच्याही घरात आहेत."

तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. "सांगा मंग. पन तो पेला माले कोनी दिधा, ते बी सांगशात ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. किती पेले, असे मॅजिस्ट्रेटनी विचारले; तीन, मी म्हणालो. शेवटचा कोणी दिला? ड्रायव्हर माझ्याकडे टक लावून पाहत होता.

"मी दिला," मी म्हणालो.

मॅजिस्ट्रेटनी लेखणी थांबवली. पंचनाम्यात माझ्या पत्रकांची नोंद होती; ती वाटणारा माणूस पेला कसा देतो, असे त्यांनी विचारले.

ड्रायव्हरला तीन महिने सक्तमजुरी झाली आणि लायसन रद्द झाले. मला कायद्याने हातही लावला नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर गाडीवान कुबडीवर उभा होता. त्याने मला रामराम केला. तो घेण्याची माझी लायकी नव्हती.

म्हणून माझे एवढे ऐका. पुढच्या बाजाराला तुमची मोटार त्या दगडापाशी थांबेल आणि पेला तुमच्या हातात येईल, तेव्हा तो पुढे देऊ नका. सगळाच दगडावर ओता. ड्रायव्हर आधीच प्यालेला असेल, तर खाली उतरा आणि शेजारच्यालाही उतरवा.