मगदूम मॅडम आणि ओव्याचं तेल

मगदूम मॅडमनी मला पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवलं. छाप पडावी म्हणून मी अंगभर सेंट मारून गेलो होतो. "जा, आंघोळ करून ये," त्या म्हणाल्या. "वासाचं काम करायचं तर आपला वास घरी ठेवायचा." चार पोरींसमोर माझी पार शोभा झाली.

ओवा, तुळस, गवती चहा यांची तेलं काढायची, त्यातले सुवासिक घटक वेगळे करायचे आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या फुप्फुसाच्या पेशींवर तपासायचे, हे त्यांचं काम. ओव्यातल्या थायमॉलनं पेशींचा दाह कमी झालेला दिसला, तेव्हा माझं फक्त नाचायचंच बाकी होतं. मॅडम म्हणाल्या, "बशी बरी झाली. माणूस अजून लांब हाय." दर यशाला हेच वाक्य. आम्हाला भारी राग यायचा. आता मी तेच म्हणतो आणि माझे विद्यार्थी माझ्यावर चिडतात.

पण उचगावला, त्यांच्या माहेरी, एवढा धीर कुणाला? पेपरात बातमी आली आणि गल्लीनं चौकात फ्लेक्स लावला: 'दम्यावर रामबाण औषध शोधणाऱ्या आमच्या ताई!' खाली फोटोत त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, हात जोडून उभे. अण्णांचा उभा जन्म फाउंड्रीत गेलेला, दमा जुना. फ्लेक्स लागला त्या दिवशी त्यांनी तोंडात ओढायचा दम्याचा पंप बंद केला आणि बाजारातून ओव्याचं तेल आणून वाफ घ्यायला लागले. आठवड्याभरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात ऑक्सिजनवर.

मॅडमनी आधी गल्लीत फोन करून फ्लेक्स उतरवायला लावला. तिसऱ्या दिवशी अण्णांचा मास्क निघाला, तेव्हा मी मॅडमबरोबर तिथं होतो. या खमक्या बाईला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"पंप का सोडलास?" त्यांनी विचारलं.

"सख्ख्या भावाचाच तुझ्यावर भरवसा न्हाय, असं लोकांनी म्हणाय नको," अण्णा धापा टाकत म्हणाले.

"त्ये औषध न्हाय, अण्णा. अजून न्हाय."

"मग कवा हुणार?"

"ठावं न्हाय. धा वर्सं लागतील, न्हायतर हुणारबी न्हाय." मॅडमनी पंप हलवून त्यांच्या तोंडाशी धरला. "पर झालंच, तर पयलं तुला दाखवाय पायजे की मला. तंवर तू ऱ्हायाचं. ओढ."

अण्णांनी डोळे मिटले आणि ओढला.