पोच मिळाली का?

जगातल्या कुठल्याही वस्तूवर, माणसावर किंवा सरकारी खात्यावर पोच मिळाल्याशिवाय विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू होता. समुद्रपूरला त्यांचं दोर, ताडपत्र्या आणि शेतीच्या किरकोळ सामानाचं दुकान होतं. नवीन टेलिफोन लागला त्या दिवशी ते चौकातल्या एसटीडी बूथवर गेले, स्वतःच्याच दुकानात फोन लावला आणि उचलणाऱ्या बायकोला म्हणाले, "कोन बोलून राह्यलं? बरं. आवाज येऊन राह्यला ना?" त्या "येते" म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांनी फोन लागला असं मानलं. एसटीत बसले की आधी कंडक्टरला, मग ड्रायव्हरला आणि शेवटी शेजारच्या प्रवाशाला "हिंगणघाटच ना जी?" असं विचारत. तिघांचं एकमत झालं की मगच खिडकीशी सरकत. पोस्टात पत्र टाकायचं तर ते दोन टाकत, एक ज्याला लिहायचं त्याला आणि एक स्वतःला. दुसरं घरी आलं की म्हणत, "हे आलं म्हणजे ते बी पोचलंच."

अशा माणसाने वेबसाइट काढावी, हे नवलच. पण कारण तसं होतं. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वेचतात आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात, हे पाहून त्यांनी दोन्ही खांद्यांवर भार पडेल अशी एक झोळी शिवून घेतली होती. तिचा त्यांना मुलीसारखा अभिमान होता. ती दूरच्या गावांना कळावी म्हणून, दोन हजार सहाच्या सुमारास, वर्ध्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका मॅडमकडून त्यांनी वेबसाइट करून घेतली. तिच्यावर एक फॉर्म होता. त्यात नाव, गाव आणि मजकूर भरला की तो ईमेलने दुकानाच्या पत्त्यावर यायचा. ती ईमेलची पेटी उघडायचं काम माझ्याकडे आलं. मी वर्ध्यात राहणारा, शाळेतला निवृत्त हेडक्लार्क, आणि मुलगी पुण्याला असल्यामुळे घरी इंटरनेट होतं. "साडूभाऊ, तुमी फक्त पाहत जा," असं ते म्हणाले होते.

मग त्यांनी पोच तपासायला सुरुवात केली. माल आणायला हिंगणघाटला गेले की सायबर कॅफेत बसून तो फॉर्म भरायचे आणि लगेच मला फोन करायचे. 'चाचणी क्रमांक सात. ऊन फार आहे. पोच द्या.' 'चाचणी क्रमांक अकरा. मघाचीच खुर्ची, पण कॉम्प्युटर दुसरा. पोच द्या.' एका दुपारी माझ्या पेटीत अशी डझनभर पत्रं एकदम येऊन पडली आणि माझं डोकं फिरलं. मी ती सगळी निवडली आणि 'स्पॅम' असं लिहिलेलं बटण दाबलं. नको असलेली पत्रं असा त्याचा अर्थ मुलीने सांगितला होता, एवढंच मला ठाऊक. नको असलेली पत्रं गेली, मी चहा घेतला. त्या फॉर्मकडून येणारं प्रत्येक पत्र यापुढे नको आहे, असं मी कॉम्प्युटरला बजावलं होतं, हे मला कळायला सहा महिने लागले.

त्या दिवसापासून पेटी रिकामी. "पोचलं काय?" "नाही." "काऊन जी?" मला काय माहीत! साडू मॅडमकडे गेले. मॅडमनी समोर फॉर्म भरून दाखवला, पत्र इथून निघतंय हेही दाखवलं. साडू म्हणाले, "तुमच्याकडून निघते, साडूभाऊकडे पोचत नाई, तं मधात कोन्या गावाले उतरते?" मॅडमनी तिथूनच मला फोन केला. "काका, स्पॅमचं फोल्डर पाहिलंत का?"

मी म्हणालो, "पाहिलं."

पाहिलं नव्हतं. ते कुठे असतं हेच मला माहीत नव्हतं. पण तीस वर्षं इतरांच्या फायली शोधून देणाऱ्या माणसाने, मला सापडत नाही, असं एका तिशीतल्या बाईला सांगायचं कसं? एका शब्दाचं खोटं. तिकडे साडूंनी भरल्या क्लाससमोर आवाज चढवला, "मॅडम, तुमचा फॉर्मच खोटा हाय!" आणि पुढे दुकानात येईल त्याला तेच सांगितलं. मॅडमकडे वेबसाइट करायला निघालेले दोन-तीन दुकानदार परस्पर दुसरीकडे गेले. आणि साडू झोळीवर बोलेनासे झाले. त्यापेक्षा फॉर्मला शिव्या दिलेल्या मला चालल्या असत्या. "लोकायले नसंल आवडली," असं एकदा म्हणाले आणि तागडी पुसत बसले.

दिवाळीला मुलगी आली आणि तिने ते फोल्डर उघडलं. जुनी पत्रं आपोआप पुसली गेली होती. उरलेल्यांत चाचणी क्रमांक एकोणचाळीस आणि चाळीस होते, आणि त्यांच्यामध्ये यवतमाळकडच्या एका बाईचं पत्र: 'सासूबाईंची कंबर दुखते. झोळी कुठे मिळेल?' मी ते दोनदा वाचलं. मुलीने ते पत्र जागेवर आणलं, पुढची पत्रं नीट येतील असं करून दिलं, आणि मी साडूंना फोन करून सांगितलं, "फॉर्म सुरू झाला हो!" खरं कारण सांगितलं नाही. ते आनंदाने ओरडले, "पाहा! म्या झापलं म्हनूनच सुधरली ते मॅडम!"

हे वाक्य त्यांनी पुढे दोन वर्षं प्रत्येक लग्नात सांगितलं. झोळ्या गावोगाव जात होत्या, बायकांची पत्रंच पोच म्हणून येत असल्याने चाचण्या चाळीसवरच थांबल्या होत्या, आणि मी ताटातला भात चिवडत ऐकत होतो. वडनेरच्या एका लग्नात त्यांनी मॅडमची नक्कल करून दाखवली, लोक हसले, आणि परतताना एसटीत मी सगळं सांगून टाकलं.

गाडी हिंगणघाटला पोचली. स्टँडवर उतरल्यावर साडू म्हणाले, "म्हंजे तुमी पाह्यलंच नवतं?"

"नाही."

"आन् मी त्या पोरीले इतकं बोललो." बाकावर बसले. मग खिशातून लग्नपत्रिका काढली, मागची कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "लेखी द्या."

मी लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते वर्ध्याला आले, मला घेऊन थेट क्लासवर गेले आणि मुलांसमोरच, जिथे ओरडले होते तिथेच उभं राहून, पत्रिकेची मागची बाजू मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "चूक साडूभाऊची, तोंड माह्यं. दोघायले माफ करा." मॅडम आधी हसल्या, मग डोळे पुसले. मला म्हणाल्या, "काका, शंका मला तेव्हाच आली होती. पण तुम्ही पाहिलं म्हणालात, मग मोठ्या माणसाला परत कसं विचारायचं?" इतक्या दिवसांनी मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

साडू माझ्यावर रागावले असतील असं मला पुढे आठवडाभर वाटत होतं. मग टपालाने ती पत्रिका परत आली. माझ्या कबुलीखाली दुकानाचा रबरी शिक्का मारलेला होता, 'माल मिळाला. तक्रार नाही.' खाली त्यांची सही.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिक्का फिकटला आहे, पण वाचता येतो. सकाळी कॉम्प्युटर लावला की मी सगळ्यात आधी स्पॅमचं फोल्डर पाहतो, खरोखर पाहतो. त्यात मला लॉटऱ्या लागलेल्या असतात, परदेशातल्या कुणा राजकुमाराला माझी मदत हवी असते. चाचणी क्रमांक एक्केचाळीस काही अजून आलेला नाही.