बोरिंग बारचं तोंड

भोकाच्या आत ओरखडा होता. खालपासून वरपर्यंत सरळ, नख अडकेल एवढा.

आमच्या वर्कशॉपचे मालक आबासाहेब यांनी आत बोट फिरवलं. “शकील, हे काय हाय?”

“ओरखडा, आबासाहेब.”

“ते मला बी दिसतंय. कावून आला ते इचारतोय.”

हे ऊसतोडणी यंत्राच्या गिअरबॉक्सचं झाकण होतं. कंपनीनं नमुन्यासाठी तीन कास्टिंग पाठवली होती, म्हणजे ओतीव लोखंडाची कच्ची झाकणं. त्यातलं एक तरी बरोबर करून दाखवलं तर पुढचं सगळं काम आमचं. कंपनीचे साहेब चार वाजता येणार होते. आता अकरा वाजले होते आणि तीनची दोन राहिली होती.

शकीलभाई आमचे प्रोग्रॅमर. नव्या मशीनचं टूल आपोआप बदलायचं काम त्यांनीच बसवलं होतं. मी ऑपरेटर. कास्टिंग बांधायचं, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. त्याआधी चार वर्षं मी कानशीनं कडा घासत होते. बढती मिळून दोनच महिने झाले होते, म्हणून मी जरा जास्तच मन लावून काम करत होते. घोटाळा तिथंच झाला.

शकीलभाई आबासाहेबांना समजावून सांगू लागले. ऐकायला मीही होते, पण हातात फडकं घेऊन, म्हणजे ऐकतेय असं दिसू नये.

मशीनच्या बाजूला टूल ठेवायचं गोल कपाट असतं. त्याला मॅगझिन म्हणतात. तिथून एक लोखंडी हात टूल काढतो, अर्धा फेरा फिरतो आणि ते स्पिंडलमध्ये लावतो. टूल धरून गरगर फिरतो तो स्पिंडल. हात येण्याआधी स्पिंडल दर वेळी एकाच कोनात थांबावा लागतो, नाहीतर खाचा जुळत नाहीत. तो कोन म्हणजे मशीनमध्ये भरलेला एक आकडा. शकीलभाईंनी चार दिवस डोकं घालून तो बसवला होता.

“बोरिंग बारला त्याच कोनाचं काम पडतं,” ते म्हणाले. “ह्या बारला एकच दात. भोक मोठं करून झालं की स्पिंडल थांबतो, बार भोकाच्या भिंतीपासून जरासा बाजूला सरकतो आन मग वर येतो. म्हंजी दात घासत न्हाई. दाताचं तोंड दाराकडं पायजे. उलटं आसलं तर बार भोकाच्या भिंतीतच घुसंल.”

माझं फडकं थांबलं.

दोन दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. मॅगझिनमधली सगळी टूलं मी काढली, पुसली, हळदकुंकू वाहिलं, परत लावली. बाकीच्या टूलांना चारी बाजूंनी दात, त्यांना पाठपोट नाही. बोरिंग बारला एकच दात, म्हणजे एकच तोंड. मॅगझिनमध्ये ते खोलीच्या भिंतीकडं होतं; हात अर्धा फिरला की तेच दाराकडं येतं, हे मला तेव्हा कुठं माहीत? समोर निरांजन आणि देव पाठमोरा, हे मला बघवेना. म्हणून मी बार अर्धा फिरवून बसवला. खाचा दोन्ही बाजूंना सारख्याच, बसलाही छान. मी नमस्कारसुद्धा केला.

हे तिथंच सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर मॅगझिनचं दार पुसलं. मग परत पुसलं. कुणीतरी ‘मंदाताई, काय झालं?’ म्हणून विचारेल अशी आशा होती. कुणी विचारलं नाही. पुसणाऱ्या बाईला कोण काय विचारतं?

“कास्टिंगच किडकं आसंल,” आबासाहेब म्हणाले. “चालव दुसरं.”

कास्टिंग मी बांधलं. दार मी लावलं. हिरवं बटणही मीच दाबलं. दाबताना मनात म्हटलं, कदाचित या वेळी नाही होणार. मशीनला माझ्या मनातलं काय करायचंय? दुसरा ओरखडा पहिल्याच्या जागी, तेवढाच लांब आला.

आता शकीलभाईंनी स्पिंडल थांबवून आत बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“तोंड मागं हाय. माझा आकडा चुकला, आबासाहेब. अर्धा फेरा बदलतो.”

“दोन झाकणं घालवली, आन आता आकडा चुकला म्हन्तो? चार वाजता त्यांना काय दाखवू, तुझं थोबाड? तू उद्यापासून येऊच नको.”

शकीलभाई आकडा बदलायच्या बटणांकडं वळले.

“नका बदलू,” मी म्हणाले. म्हणजे टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीला म्हणाले, कारण मी तिच्याकडंच बघत होते. “आकडा बरुबर हाय. बार मी फिरवलाय.”

“तू? कावून?”

“पूजंला. तोंड भिंतीकडं होतं.”

आबासाहेबांनी एकदा माझ्याकडं, एकदा शकीलभाईंकडं बघितलं. “बाई, तुला पूजा कर म्हणलो होतो. मशीन फिरव म्हणलो होतो का?”

“तुमी म्हणला होता, सगळी नीट दिसू दी, फोटू काढायचाय.”

हे मी कसं बोलले ते मलाच माहीत नाही. आबासाहेबांनी फोन काढला. फोटो होता. निरांजनामागं बोरिंग बार, तोंड समोर, दातावर कुंकू, आणि बाजूला हात जोडून स्वतः आबासाहेब. दोन दिवसांपूर्वी तो त्यांनी स्टेटसला ठेवला होता.

शकीलभाईंना हसू आवरेना. “ताई, ह्यो फोटू कंपनीच्या सायबांनी बघितला आसंल तर आपलं काम गेलंच म्हणा.”

“दात काढू नको बे. बार नीट लाव,” आबासाहेब म्हणाले. उद्यापासून येऊ नको, हे त्यांनी परत म्हटलं नाही.

बार शकीलभाईंनी फिरवला. शेवटचं कास्टिंग मीच बांधलं, कारण दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. बटण दाबलं आणि डोळे मिटले, ते शकीलभाई “ताई, बघा” म्हणेपर्यंत. भोक आरशासारखं होतं.

साहेब चार वाजता आले. त्यांनी झाकण मोजलं, घेतलं, आणि बाकीच्या दोन कास्टिंगचं काय झालं म्हणून विचारलं. आबासाहेब म्हणाले, “ट्रायलमधे गेली.” मी खाली बघत उभी होते.

काम आम्हाला मिळालं. शकीलभाईंनी बारवर आणि त्याच्या कप्प्यावर तांबड्या ऑइलपेंटचा एकेक ठिपका दिला. ठिपक्यासमोर ठिपका यायला हवा. आता पूजा दाराबाहेरूनच होते.

पहिलं कास्टिंग माझ्या भक्तीनं गेलं, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. दुसरं मला सगळं कळलेलं असताना गेलं. चूक सांगायला लाज वाटत असेल तर वाटू द्यावी, पण तेवढ्या वेळात हिरवं बटण दाबू नये.