नंबर तेहतीस हजर

पवनीचा पोट्टा लिहून राहिला म्हटल्यावर तुम्ही तयारीतच बसले असाल. आता वैनगंगेचा घाट येईन, मग जुने स्तूप येतीन, आणि शेवटी लेखकाच्या डोळ्यांत पाणी. तसं काही नाही जी. या लिखाणात सगळ्यात प्राचीन वस्तू म्हणजे आमच्या मंडळाचा कॅरम बोर्ड, आणि पाणी येते ते हॉलच्या छतातून. नकला करणारा माणूस आहे म्हणून हसायले बसले असाल तं तेही जरा सबुरीनं, कारण शेवटी मले बोलणी बसतात. ती मी जशीच्या तशी देणार आहे.

मंडळ म्हणजे काय, ते छोट्या गावच्या माणसाले सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणपोई, पंधरा ऑगस्टले झेंडा, हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर, आणि बाकी वर्षभर कोणी बदलून गेला का निरोप, कोणी बदलून आला का स्वागत. एकदा तं एकच साहेब सकाळी गेला आणि त्याची बदली रद्द झाली म्हणून संध्याकाळी परत आला. आम्ही दोन्ही कार्यक्रम केले.

या सगळ्यासाठी आमच्यापाशी एक हॉल होता, नगरपालिकेनं वापरायले दिलेला. आगगाडीच्या डब्यासारखा लांब. समोर टेबल-खुर्च्या, मधात पेपर वाचायचे स्टँड, मागे कॅरम. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण नवा नकाशा कोण आणते? कोणीतरी बॉलपेननं मधातून रेघ मारून दिली होती. झालं विभाजन.

हॉलची जान म्हणजे सेक्रेटरी काका. जवाहरनगरच्या कारखान्यात हजेरी घ्यायच्या कामावर जन्म गेला, रिटायर होऊन गावी आले. घरी मन लागे ना. रोज चारच्या ठोक्याले कुलूप उघडत, पेपर स्टँडवर लावत, सुतळीनं पेन्सिल बांधत. काकू वारल्यापासून तं सणावारालेही हॉल उघडाच. कोणी म्हटलं, "काका, आज तरी बंद ठेवा," तं म्हणत, "मंग मी चार वाजता कुठे जाऊ, ते सांग."

कारखान्याची एक सवय मात्र त्यांच्यासोबत पवनीले आली. सभेत ते कोणाचं नाव घेत नसत. आम्हाले सगळ्याले नंबर दिले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, मान रजिस्टरात, आणि "नंबर एक... नंबर दोन..." जाडे-जाडे शेटजीही "हजर" म्हणून मोकळे होत. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, मंडळाचा सगळ्यात लहान सभासद. शेवटचा नंबर, पंचेचाळीस. ग्यादरिंगमध्ये प्राचार्यांची नक्कल केली होती, ते पाहून मले सूत्रसंचालनासाठी घेतलं होतं. प्राचार्यांनी तीन दिवस कॉलेजात येऊ दिलं नाही, मंडळानं सभासद करून घेतलं. ज्याची-त्याची पारख.

आता घोळ कुठे होता, ते ऐका. मंडळाची नियमावली आमच्याच मोठ्या मंडळींनी नागपूरच्या कोणत्या तरी संस्थेच्या नियमावलीवरून उतरवून घेतली होती, फक्त नाव बदलून. त्यात लिहिलं होतं का वार्षिक सभा जुलैत झाली पाहिजे आणि एक तृतीयांश सभासद हजर पाहिजेत. नागपुरात जुलैत लोक रिकामे असतीन. आमच्या इकडे जुलै म्हणजे रोवणी. अर्धं मंडळ धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, वाकलेलं. सभेले कोण येते? दोन वर्षं सभा बुडाली. तिसऱ्या वर्षी पालिकेचं पत्र आलं. यंदा सभा झाली नाही तं मंडळ बंद समजू आणि हॉल परत घेऊ. सभेच्या दिवशी आमचा बाबू येऊन बसन.

ते पत्र सेक्रेटरी काकांनी घडी करून खिशात ठेवलं होतं. आठ दिवसांत घडीवर फाटलं ते.

सभेचा दिवस. बाहेर पाऊस, पेपर भिजतात म्हणून खिडक्या बंद, आणि ठरल्या वेळेले लोडशेडिंग. समोरच्या टेबलावर एक मेणबत्ती, मागे अंधार. मागच्या खुर्च्यांवर लोकांनी ओले रेनकोट आणि छत्र्या वाळत घातल्या होत्या. पालिकेचा बाबू समोर भज्यांची प्लेट मांडीवर घेऊन बसला. मी मागच्या अंधारातून मोजलं. पाहिजे होते पंधरा. डोकी होती अकरा, माझं धरून.

काकांनी घड्याळ पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा घड्याळ. मग रजिस्टर उघडलं.

"नंबर एक."

"हजर."

असं करत-करत गाडी नवापर्यंत आली. नंबर नऊ म्हणजे कंपाउंडर भाऊ. ते गावाले गेलेले. काका थांबले. आणि मी, खरं सांगतो, काही ठरवून नाही केलं, पण गालात त्यांच्यासारखा तंबाखूचा खर्रा धरल्यावर जशी जीभ आखडते तशी आखडून म्हटलं, "हजल."

बाजूच्यानं मांडीले असा चिमटा काढला का डोळ्यांपुढे काजवे. काकांनी मान वर केली नाही. टिक केली.

नंबर अठरा, रिटायर हेडमास्तर. ते 'हजर' कधी म्हणत नसत, त्याले ते कमी दर्जाचं समजत. मी घसा साफ केला. "उपस्थित." टिक. नंबर सव्वीस, गावाबाहेरचे शेतकरी. हे चार हातांवर बसूनही चार बांध्यांपलीकडून बोलल्यासारखे बोलत. "हावो जी, हजर हावो." टिक.

बाबूनं एकदा मान वळवून मागे पाहिलं. अंधारात रेनकोट बसले होते. "मंडळी बरीच आहे," म्हणाला, आणि भज्यांकडे वळला.

"नंबर तेहतीस."

हे मागवाले काका. आमच्या घराले लागून त्यांचा हातमाग. माणूस इतका शांत का दिवसभरात बोललेले शब्द एका हाताच्या बोटांवर मोजावे. मंडळानं आजवर जेवढ्यांचा सत्कार केला तेवढ्यांच्या खांद्यावर पडलेला दुपट्टा त्यांच्याच मागावरचा, पण स्वतः कधी मागच्या रांगेतून पुढे आले नाहीत. त्यांच्या घरच्या काकू आतून काही म्हणत, आणि मागाच्या दोन ठोक्यांच्या मधात काकांचा एक बारीक होकार येई. भिंतीपलीकडून लहानपणापासून ऐकलेला.

"हव," मी म्हटलं.

शेवटी पंचेचाळीसले मी माझ्या आवाजात हजर म्हटलं, आणि पंधरा झाले. सेक्रेटरी काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. बराच वेळ पुसला.

इथं थांबलं असतं तं हे लिखाणही इथंच थांबलं असतं. पण पुढचा विषय निघाला अध्यक्षाचा. किराणावाले आणि मिलवाले, दोन्ही शेटजी पहिल्या रांगेत, दोघांच्या मधात एक खुर्ची रिकामी, दोघांची दरसालची खुन्नस. किराणावाले म्हणे मी होतो. मिलवाले म्हणे मी काय मेलो? बोलता-बोलता गोष्ट एकमेकाच्या तांदळातल्या खड्यांपर्यंत गेली. बाबूनं प्लेट खाली ठेवली आणि घड्याळ पाहिलं.

तेव्हा मिलवाल्या शेटजीनं डाव टाकला. "तेहतीस नंबरवाल्याले करा न जी. त्याचं कोनाशी भांडन नाई."

"बोलतच नाई तो, भांडन कोनाशी करन?" किराणावाले म्हणाले. "चालते. पन तुमी नाई पायजे."

"तुमीबी नाई पायजे."

झालं एकमत. सेक्रेटरी काकांनी कागदावरून मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी मागच्या अंधारात, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"नंबर तेहतीस, संमती हाय काय?"

छतातलं पाणी बादलीत टपकून राहिलं. तेहतीस नंबर बोलला नाही तं बाबू उठून मागे पाहायले येणार, हे मले कळत होतं. आणि आला तं त्याच्या हाती तेहतीस नंबरचा रेनकोट लागणार.

"हव."

टाळ्या. मिलवाले हार घेऊन उठले. "या जी काका, समोर या."

मी कसाबसा तोच बारीक आवाज काढला. "माग तसाच सोडून आलो. जातो." आणि पायानं मागचं दार धाडकन लोटलं.

"लाजला," मिलवाले म्हणाले. बाबूनं सही ठोकली, उरलेली दोन भजी उचलली, आणि छत्री उघडत गेला.

आता मागवाले काका खरे कुठे होते? गोसीखुर्दच्या धरणात लेकीच्या सासरचं गाव गेलं होतं. नव्या जागी बसवलेल्या गावात तिच्याकडे रोवणीले माणूस नव्हता, म्हणून हे तीन दिवसांपासून तिकडे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं पवनीले उतरले. पानठेल्यावाला म्हणाला, "अभिनंदन काका." काका सवयीनं म्हणाले, "हव." सलूनवाल्यानं विचारलं, "मंग यंदा झेंडा तुमच्या हातानं?" काका म्हणाले, "हव." घरापर्यंत असे पाच-सहा जण भेटले. काय झालं ते माहीत नाही, आणि सगळ्याले हव. घरी पोचले तं ओसरीत दोन्ही शेटजी हार घेऊन बसलेले. त्यांनी काकांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. काकांनी काठ पाहिला. स्वतःच विणलेला होता.

चार वाजता ते हॉलवर आले. मी कॅरमवर राणी काढायच्या तयारीत होतो. सेक्रेटरी काका पेपर लावत होते. मागवाले काका दारातच उभे राहिले.

"मी नवतो," ते म्हणाले.

सेक्रेटरी काकांच्या हातातला पेपर तसाच राहिला. "मले मालूम हाय."

"मालूम हाय?"

"गेटवर हजेरी घेन्यात जनम गेला माहा. एका तोंडातून चार मानसं निघाली तं मले समजत नाई काय?" त्यांनी खिशातून ते चार तुकडे झालेलं पत्र काढून टेबलावर जुळवलं. "चुकलं माह्याकडून. जनमात पयली खोटी टिक मारली. तुमी म्हनाल तं उद्या पालिकेत जाऊन सांगतो. हॉल जाईन. जाऊ द्या."

मागवाले काकांनी पत्र वाचलं. मग सुतळीले बांधलेल्या पेन्सिली पाहिल्या, नकाशा पाहिला, बादली पाहिली. एवढा वेळ कोणी काही पाहत असन तं समजावं का आता काही खरं नाही. मले वाटलं, आपण काहीतरी मदत केली पाहिजे. माझा तोच तं प्रॉब्लेम आहे.

"काका, टेन्शन कायले घेता?" मी म्हटलं. "पंधरा ऑगस्टले तुमी माईकपुढे निसते ओठ हालवा. मी पडद्यामागून बोलतो. कोनाले समजत नाई."

पवनीत त्या माणसाचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. तो चढलाही नाही. पण कॅरमवरच्या दोघांनी हात आवरून घेतले.

"इकडे ये बे. जवळ ये. तू कालच्याले काय म्हनलास माह्या तोंडानं?"

"हव."

"काहून हव?"

"तुमी हवच म्हनता न काका. भिंतीतून आयकू येते."

"ते मी घरी म्हनतो. तुह्या काकूले म्हनतो. मीठ सरलं, हव. पाहुने येऊन रायले, हव. तिथं हव म्हनाले काही लागत नाई. इथं मले कोनं इचारलं असतं का अध्यक्ष होता काय, तं मी नाई म्हनलो असतो. तुले माहा 'नाई' येते काय करून दाखवता?"

एवढ्या वर्षांत तो आवाज भिंतीतून कधी आलाच नव्हता.

"येत नाई न? साऱ्या गावाचे आवाज काढतोस, मोठा कलाकार. आर्धा मानूस आयकला आन आख्खा मानूस सभेत उभा केला. माह्या पायात काल इथून तिथंवर चिखल होता, लेकीच्या बांधीत वाकलो होतो मी, आन तू इथं खुर्चीवर बसून माह्या जिंदगीवर सही मारून रायला होतास. दार आपटलं म्हनते. मी कधी दार आपटलं काय रे? तुह्या बापाले इचार, तीस साल झाले शेजारी हावो. दार आपटनारा मानूस वाटलो मी तुले?"

"चुकलं काका."

"चूप बस. तुले बोलाची भल्ली खाज हाय. हॉल काही जात नाई. यानं चार वाजता कुठं जावं?" त्यांनी सेक्रेटरी काकांकडे हात केला, पण डोळे माझ्यावरच. "अध्यक्ष मी रायतो. साल पुरा करतो. झेंडा मी फडकवतो, आन भाषन मीच करन. चार शब्द येतीन तं चार बोलन, अटकलो तं अटकन. आन तू पयल्या रांगेत बसशीन, माह्या समोर, तोंडात खर्रा नाई, हातात माईक नाई. तुह्या तोंडातून फू निघाली तं तिथंच पायतान काढन, मंग साहेब बसला असो का बाबू. आन पुढच्या साली सभेच्या आंधी घरोघरी जाशीन, बांधीत उतरशीन, आन पंधरा जित्ती मानसं हाताले धरून आनशीन. रेनकोट नाई. समजलं काय?"

मी मान हालवली.

"तोंडानं बोल. आपल्या."