काळ्या स्पंजाचा तुकडा

काका आधी पाण्याचा वास घ्यायचे. टाकीत दोन बोटं बुडवायची, नाकाशी न्यायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पानी बरं हाय." मासे त्यानंतर. आपण गिऱ्हाइकं नेमकं उलटं करतो. रंगीत मासे बघून हरखतो, पाण्याकडे आपलं लक्षही जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

भाईंदरला केबिन रोडच्या एका गल्लीत त्यांचं माशांच्या टाक्यांचं दुकान होतं. आत दोन माणसं शिरली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. घर काशीगावचं, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेलं. मिठागरं गेली तेव्हा काकांनी मासे विकायला घेतले, आणि तेही खायचे नव्हेत, बघायचे! गावाने त्यांची किती टिंगल केली ते स्वतःच रंगवून सांगत. अहोजाहो त्यांच्या बोलीत बसत नसे. लहानथोर सगळ्यांना सरसकट "तू".

दोन हजार तीन-चारच्या सुमारास आम्ही दादरहून भाईंदरला राहायला आलो. नव्या घराच्या हॉलमध्ये फिश टँक हवाच, असं मी ठरवून टाकलं होतं. काकांच्या दुकानात जाऊन मी सगळ्यात मोठ्या खोक्यातला, सगळ्यात महागडा फिल्टर मागितला.

"टाकी केवढी?"

"दोन फुटांची."

"मासं किती?"

"सहा."

"मंग ह्यो लावलास तर मासं दिसभर पोहून पोहूनच मरतील." त्यांनी खोका परत फळीवर ठेवला आणि माझ्यासमोर एक साधा स्पंजचा फिल्टर टाकला. हवेच्या पंपाची नळी त्याला जोडायची, पाणी स्पंजातून ओढलं जातं, संपलं. माझा चेहरा पडला असावा. ते म्हणाले, "मोटर पानी फिरवते. साफ करनारा येगलाच हाय."

मग ते मागच्या मोठ्या टाकीकडे वळले. तिच्यात तळहाताएवढा एक म्हातारा गोल्डफिश होता. दुकान उघडलं त्या दिवसापासूनचा. कुणी किंमत विचारली की काका तुटकपणे म्हणत, "तो इकायचा न्हाय." त्याच्या टाकीतला स्पंज वर्षानुवर्षांचा, काळाकुट्ट, बुळबुळीत. काकांनी कात्रीने त्याचा बिस्किटाएवढा तुकडा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यात, पिशवीत घालून माझ्या हातात दिला. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते असा तुकडा फुकट देत.

"नव्या स्पंजाला बांधून टाक. जसा हाय तसा. धू नको."

आता आमच्या घरची तऱ्हा सांगायला हवी. आमच्याकडे भांडी घासायच्या आधी घासणी धुतली जाते. तो काळा, वास मारणारा गोळा मी चकचकीत नव्या टाकीत घालणं शक्यच नव्हतं. काका म्हणतात म्हणून घालायचा, पण निदान स्वच्छ करून. मी पातेल्यात पाणी उकळलं, त्यात तो बुडवला, तीनदा पिळला आणि मगच बांधला.

आठवड्यात मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. दहाव्या दिवशी एकही उरला नाही.

मी टाकीतलं पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं. काकांनी वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, तो तुकडा म्हंजे विरजन हाय. माशाची घान खानारं त्यात जित्तं असतंय, डोल्याला दिसत न्हाय. नव्या टाकीत ते वाढायला महिना लागतो, म्हनून जुन्यातलं लावायचं." मग माझ्याकडे बघत विचारलं, "धुतला न्हाईस ना?"

विरजण म्हटल्याबरोबर मला पातेल्यातलं उकळतं पाणी आठवलं. विरजण उकळू नये हे मला काय शिकवायला हवं होतं? चूक कबूल करायला एवढी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. पण त्या माणसाने एकच गोष्ट सांगितली होती आणि मी तेवढीही पाळली नव्हती, याची लाज वाटली.

"नाही काका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "मंग माझ्याच स्पंजात रोग शिरला," ते हळूच म्हणाले, आणि वर मला सहा नवे मासे फुकट दिले. मी ते घेतले.

दोन-तीन आठवड्यांनी माशांचं खाद्य आणायला गेले तर मागची मोठी टाकी रिकामी. रोगाच्या धास्तीने काकांनी दुकानातले सगळे जुने स्पंज फेकून नवे घातले होते. विरजण नसलेल्या त्या पाण्यात बरेच मासे गेले, आणि म्हातारा गोल्डफिशही गेला. माझ्यापुढे एक जोडपं फिल्टर बघत उभं होतं. काका त्यांना सांगत होते, "स्पंज नवीनच घे. जुना कुनाचा घेऊ नको. माझा पन नको."

बोलायची हीच वेळ होती. पण आता कबुली द्यायची तर त्या गोल्डफिशचीही द्यावी लागणार होती. मी खाद्याची पुडी घेतली आणि पायरी उतरले. भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

आमच्या टाकीतले नवे मासे महत्प्रयासाने जगले. वर्षभरात स्पंज काळा झाला, बुळबुळीत झाला, अगदी काकांच्यासारखा. एका रविवारी मी त्याचा तुकडा कापला, टाकीच्याच पाण्यात पिशवीत घातला आणि केबिन रोडला निघाले. सगळं सांगायचं आणि तो त्यांच्या हातात ठेवायचा, असं वाटेत दहादा घोकलं.

दुकानाचं शटर ओढलेलं होतं. शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "चाचा तो गुज़र गए, चार महीने हुए। दुकान पहले ही बंद कर दी थी। बोलते थे, अब मुझे पानी समझता नहीं।"

मी पिशवीत दोन बोटं बुडवून नाकाशी नेली. पाणी बरं होतं.

घरी येऊन तो तुकडा मी टाकीत सोडला, न धुता.